हजेरीच्या क्रमाने

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला, रेल्वेचे रूळ आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये, बावखलांचा, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांचा, आणि केळी-नारळीच्या वाड्यांचा जो सखल पट्टा नव्या इमारतींच्या रेट्यातही थोडाबहुत टिकून आहे, त्यात थोड्याथोड्या अंतरावर एकेक चर्च उभे आहे आणि त्यांतील अनेक चर्चच्या आवारात किंवा आवाराला लागून शाळा आहे. पापडी, सांडोर, गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर या गावांची नावे उत्तर कोकणच्या इतिहासात निरनिराळ्या कारणांनी येतात. त्यांचे आजचे जीवन समजून घ्यायचे असेल तर मात्र सकाळी शाळेची घंटा होते त्या वेळी या आवारात थांबणे पुरेसे ठरते. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘प्राथमिक शाळा’ हा विषय ठरवल्यावर वसईच्या कॅथलिक प्राथमिक शाळांकडे लक्ष वळावे, हे स्वाभाविकच होते. राज्याचा अभ्यासक्रम, चर्चची दिनदर्शिका आणि घरातली बोली या तिन्ही गोष्टी येथे एकाच मैदानावर, एकाच आठवड्यात एकत्र नांदतात.

या शाळांमधील विद्यार्थ्यांच्या यशाची चौकशी केली की पाहुण्याला बहुधा कार्यालयाबाहेरच्या फलकाकडे नेले जाते. शिष्यवृत्तीधारकांची नावे, तालुका स्पर्धेतील ढाली, खो-खोच्या संघाचे छायाचित्र असे सारे तेथे असते आणि त्यामागचे कष्ट खरे असतात. परंतु शाळेचा सबंध आठवडा पाहिल्यावर लक्षात येते की तेथे दोन निरनिराळ्या व्यवस्था शेजारीशेजारी चालू आहेत. एका व्यवस्थेत उत्तम मूल निवडले जाते, तर दुसरीत हजेरीपटावर नाव आहे एवढ्याच कारणाने प्रत्येक मूल सर्वांसमोर उभे राहते. फलकावर पहिल्या व्यवस्थेची फळे दिसतात. दुसरीची नोंद कोठेच होत नाही, आणि तरीही वसईच्या शाळांनी मराठीला जे दिले त्याचा मोठा भाग दुसऱ्या व्यवस्थेतून आला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आवार आणि त्याची माणसे

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या तहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने त्यांची सत्ता संपली. या दोनशे वर्षांत येथील सामवेदी, वाडवळ, कोळी आदी समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. धर्म बदलला तरी जमीन, पीक आणि बोली बदलली नाही, ही वसईची खासियत होय. कुपारी या नावाने ओळखला जाणारा सामवेदी ख्रिस्ती समाज आणि त्याच गावांतील हिंदू सामवेदी समाज हे दोघेही घरात कादोडी म्हणजे सामवेदी बोलीच बोलतात, आणि वाडवळी बोलीची कथाही तशीच आहे. त्यामुळे येथील कॅथलिक मूल शाळेत येते तेव्हा ते मराठीच्याच एका बोलीतून प्रमाण मराठीकडे येत असते. हा प्रवास वरवर जवळचा दिसला तरी सहा वर्षांच्या मुलासाठी लहान नसतो, कारण पाठ्यपुस्तकातील क्रियापदांची रूपे, सर्वनामे आणि हेल त्याच्या अंगणातील भाषेहून वेगळे असतात.

चर्चच्या कारभाराचा मूळ घटक म्हणजे धर्मग्राम. एका चर्चच्या कक्षेत येणारी कुटुंबे मिळून धर्मग्राम बनतो आणि अनेक धर्मग्राम मिळून बिशपांच्या अधिकाराखालील धर्मप्रांत बनतो. वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. धर्मग्रामाच्या शाळेचे व्यवस्थापक सामान्यतः तेथील प्रमुख धर्मगुरू असतात, मुख्याध्यापकपदी कोठे धर्मभगिनी, म्हणजे मुलांच्या ‘सिस्टर’, तर कोठे गावातीलच एखाद्या ज्येष्ठ शिक्षिका असतात, आणि शिक्षकवर्गात सर्व धर्मांची माणसे असतात. अनुदानित शाळेत शिक्षकांचे वेतन शासन देते, इमारत आणि तिची निगा मात्र संस्थेकडे असते. छपराची गळती थांबवायची झाली तर धर्मग्रामस्थांपुढे झोळी धरावी लागते, आणि त्यामुळेच गावाला ही शाळा आपली वाटते. ज्याच्या आजोबांनी मैदानाच्या भरावासाठी माती टाकली, त्याचा नातू त्या मैदानावर लंगडी खेळतो, अशी नाती येथे अजून सांगितली जातात.

सोमवारची उभी रांग

महाराष्ट्रातील सर्व शाळांप्रमाणे येथेही दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. परिपाठ म्हणजे वर्ग सुरू होण्यापूर्वी मैदानावर किंवा सभागृहात होणारा पंधरा-वीस मिनिटांचा सामूहिक कार्यक्रम. त्यात राष्ट्रगीत, २०२३ मध्ये शासनाने स्वीकारलेले राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा आणि सामान्यज्ञानाचे प्रश्न असे भाग येतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला, तेव्हापासून दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना वेळांची जुळवाजुळव करावी लागली. परिपाठाची मिनिटे कमी करण्याचा मोह तेव्हाच अनेक ठिकाणी झाला असणार. तो मोह ज्यांनी आवरला त्यांनी चांगले केले.

परिपाठ कसा चालतो हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. बहुतेक ठिकाणी एकेका वर्गाकडे एकेक आठवडा येतो. प्रतिज्ञा सांगणारा, उद्देशिका वाचणारा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, गोष्ट, प्रश्न आणि सूत्रसंचालन अशी दिवसाची आठ कामे धरली, तर सहा दिवसांत अठ्ठेचाळीस संधी निर्माण होतात, आणि तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात एकही मूल वगळण्याचे कारण उरत नाही. शिक्षिका आदल्या शनिवारी हजेरीपट उघडून क्रमांकानुसार कामे वाटतात, ज्याला गोष्ट आली त्याला ती घरच्यांकडून ऐकून यायला सांगतात, ज्याला बातमी आली त्याला वर्तमानपत्राचे कात्रण वहीत चिकटवायला सांगतात. दुसरीतील एखादे मूल सोमवारी माइकपाशी येते, कागद हातात धरूनही पहिले वाक्य विसरते, शिक्षिका मागून पहिला शब्द पुरवतात, आणि रांगेतील दोनशे मुले ओळखीची गोष्ट असल्यासारखी थांबून राहतात. या थांबण्याला महत्त्व आहे. जे मूल आज अडखळणाऱ्याची वाट पाहते, त्याला ठाऊक असते की पुढच्या आठवड्यात तेथे आपण असणार आहोत.

बोलीतून प्रमाण मराठीकडे जाण्याचा खरा अभ्यास येथेच घडतो, कारण व्याकरणाचा नियम सांगून क्रियापदाचे रूप बसत नाही, ते मोठ्याने आणि लोकांसमोर म्हणून बसते. जाणत्या शिक्षिका याबाबत एक पथ्य पाळतात: मुलाने घरची गोष्ट घरच्या बोलीत सांगितली तर मध्येच थांबवून सुधारत नाहीत, गोष्ट संपू देतात आणि नंतर वर्गात तीच गोष्ट पुस्तकी मराठीत सर्वांकडून मिळून सांगून घेतात. हे पथ्य सर्वत्र पाळले जाते असे म्हणता येणार नाही. बोलीला ‘अशुद्ध’ ठरवून गप्प केलेल्या मुलांच्या पिढ्या महाराष्ट्रात सगळीकडे झाल्या आहेत आणि वसईही त्याला अपवाद नाही.

परिपाठानंतर वर्ग, आणि वर्गांच्या मधोमध शालेय पोषण आहार. केंद्राच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य आणि शिजलेल्या जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित आहे. अनुदानित शाळांत हे जेवण ओटीवर किंवा व्हरांड्यात पंगतीने होते आणि वाढण्याचे कामही मोठ्या वर्गांकडे आळीपाळीने येते. खिचडीचे पातेले कोणी उचलायचे यावर होणारी भांडणे शिक्षक समंजसपणे हजेरीच्या क्रमानेच सोडवतात.

एकाच घंटेला दोन तासिका

कॅथलिक शाळेत धर्म कोठे आणि कसा येतो, याविषयी बाहेर बरेच गैरसमज आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० (१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. अनुच्छेद २८ (१) नुसार पूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि अनुच्छेद २८ (३) नुसार शासनमान्य किंवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या संस्थेत कोणालाही स्वतःच्या, किंवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. प्राथमिक शाळेतील सर्वच मुले अज्ञान असल्याने निर्णय पालकांचा ठरतो.

ही तीन कलमे वेळापत्रकात उतरतात ती अशी: आठवड्यातील ठरावीक तासिकांची घंटा झाली की कॅथलिक मुले धर्मशिक्षणासाठी एका खोलीत जातात आणि उरलेली मुले मूल्यशिक्षणासाठी वर्गात बसतात. धर्मशिक्षणात बायबलमधील कथा, प्रार्थना, संस्कारांची ओळख असा भाग असतो, तर मूल्यशिक्षणात प्रामाणिकपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता अशा मूल्यांभोवती गोष्टी आणि चर्चा असतात. वर्गांची ही क्षणिक विभागणी मुले फारशी मनावर घेत नाहीत. मात्र शाळेने ती काळजीपूर्वक हाताळावी लागते, कारण मूल्यशिक्षणाच्या तासाला शिक्षक उपलब्ध नाही म्हणून मुलांना ‘शांत बसा, वही पूर्ण करा’ असे सांगितले गेले, तर त्या मुलांना आपण उरलेले आहोत असे वाटू लागते. चांगल्या शाळेत मूल्यशिक्षणाचा तास सर्वांत अनुभवी शिक्षिकेकडे दिलेला आढळतो. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या शिक्षणधोरणात वंचित घटकांना प्राधान्य देण्याचा आग्रह आहे. त्या आग्रहाची पारख अशा छोट्या नेमणुकींतच होते. रोजगारासाठी वसई-नालासोपारा परिसरात आलेल्या कुटुंबांची आणि पूर्वेकडील आदिवासी पाड्यांवरची मुलेही या वर्गांत असतात, आणि त्यांच्या आईवडिलांपैकी अनेकांची स्वतःची शाळा अर्ध्यावर सुटलेली असते.

शुक्रवार आणि वाचनपीठ

महिन्याचा पहिला शुक्रवार कॅथलिक परंपरेत येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीचा मानला जातो, आणि त्या दिवशी धर्मग्रामाच्या शाळेतील कॅथलिक मुले मिस्सासाठी चर्चमध्ये जातात. मिस्सा म्हणजे धर्मगुरूंच्या नेतृत्वाखाली होणारी, भाकर आणि द्राक्षारस यांच्या अर्पणाभोवती गुंफलेली सामूहिक उपासना. तिच्या पूर्वार्धात बायबलमधील उतारे मोठ्याने वाचले जातात. पहिले वाचन आणि प्रतिसाद स्तोत्र सर्वसामान्य भाविक वाचतात, शुभवर्तमान धर्मगुरू किंवा उपधर्मगुरू वाचतात, आणि त्यानंतर भाविकांच्या प्रार्थना येतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लॅटिनबरोबर लोकभाषांना उपासनेची दारे उघडली. त्यानंतर वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होऊ लागला, आणि त्याचा एक परिणाम असा झाला की मराठी नीट वाचता येणे हे आता केवळ शाळेचे काम राहिले नाही, ते चर्चचेही काम झाले. पुढे १९७३ मध्ये रोमहून मुलांसाठीच्या मिस्साविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली, तिने वाचन, गायन आणि अर्पणे आणणे यांत मुलांचा सहभाग वाढवण्याचा सल्ला दिला. पहिल्या शुक्रवारी चौथी-पाचवीतील मूल वाचनपीठापाशी जाते ते या मार्गाने. वाचनपीठ म्हणजे वेदीच्या बाजूचा तो उंच मेज, ज्यावर धर्मग्रंथ ठेवून वाचतात. लहान मुलाचा चेहरा त्यावरून दिसावा म्हणून पायाखाली लाकडी पाट ठेवण्याची पद्धत आहे. वाचनाची तयारी आठवडाभर चालते: उतारा वहीत उतरवून घेणे, लांब वाक्यात श्वास कोठे घ्यायचा तेथे पेन्सिलीने तिरकी रेघ मारणे, यशया, यिर्मया, थेस्सलनीका अशा नावांचा उच्चार सिस्टरांकडून करून घेणे, आणि शेवटी रिकाम्या चर्चमध्ये एकदा मोठ्याने म्हणून पाहणे.

हे वाचन निवडीने करायचे की क्रमाने, हा वसईतल्या शाळांपुढचा जुना प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे निरनिराळी आहेत. उपासना सुंदर व्हावी म्हणून स्पष्ट उच्चारांची चार मुले हाताशी धरण्याकडे कल असतो, आणि पुढे तीच चार मुले वक्तृत्व स्पर्धेला, तीच पाहुण्यांच्या स्वागताला आणि तीच स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनाला जातात. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण बाकीच्या मुलांचे काय, हा प्रश्न राहतोच. त्यामुळे भाविकांच्या प्रार्थना तरी हजेरीच्या क्रमाने सर्वांकडून म्हणवून घ्याव्यात, कारण त्या एकेका वाक्याच्या असतात आणि अडखळले तरी उपासनेत खंड पडत नाही. अशा व्यवस्थेत एका वर्षात वर्गातील प्रत्येक कॅथलिक मूल निदान एकदा माइकपुढे उभे राहते. शाळेतील परिपाठ सर्वधर्मीय मुलांना जे देतो, त्याची ही चर्चमधील जोडवाट होय.

प्राथमिक शाळेच्या वयाशी या साऱ्याचा संबंध आणखी एका कारणाने येतो. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये प्रथम ख्रिस्तप्रसादाचे, म्हणजे मिस्सातील पवित्र भाकर पहिल्यांदा स्वीकारण्याचे, वय खाली आणून मूल सुमारे सात वर्षांचे, म्हणजे बरेवाईट ओळखण्याजोगे झाले की त्याला तो द्यावा असे ठरवले. त्यापूर्वी अनेक ठिकाणी मुलांना दहा-बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागे. त्यामुळे आज तिसरी-चौथीचे वर्ष कॅथलिक मुलासाठी दुहेरी तयारीचे असते. एकीकडे पाढे आणि परिसर अभ्यास, दुसरीकडे प्रार्थना पाठ करणे, पापनिवेदनाचा अर्थ समजून घेणे आणि पांढऱ्या पोशाखाची चर्चा. वर्गातल्या हिंदू-मुस्लिम मित्रांना प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवसाचा केक आणि गोडधोड मिळते, गणपतीत आणि ईदला परतफेड होते, आणि शिक्षिकांना या काळात मुलांचे लक्ष गणिताकडे वळवणे कठीण जाते.

फलकावरची नावे

निवडीच्या व्यवस्थेकडे वळायचे तर पहिले नाव शिष्यवृत्ती परीक्षेचे घ्यावे लागते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेतर्फे घेतली जाणारी ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला होती, २०१७ पासून ती पाचवी आणि आठवीला झाली, आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. प्राथमिक स्तराच्या परीक्षेत दोन पेपर असतात, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी, आणि प्रत्येक पेपरला दीड तास. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलाने एका प्रश्नासाठी सरासरी ७२ सेकंदांत विचार करून उत्तरपत्रिकेतील गोल नीट भरायचा असतो. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के गुण मिळवणारा पात्र ठरतो, मात्र शिष्यवृत्ती मिळते ती गुणवत्ता यादीत येणाऱ्यांनाच. पाचवीच्या शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ नंतर वर्षाला ५,००० रुपये झाली, तेव्हा कुठे तिला घरखर्चात जाणवण्याइतका अर्थ आला.

या परीक्षेची तयारी शाळेच्या वेळेबाहेर, सकाळी लवकर किंवा सायंकाळी एक तास अशी चालते, आणि ती करून घेणाऱ्या शिक्षकांना त्याबद्दल बहुधा वेगळा मोबदला नसतो. आकृत्यांची मालिका, घड्याळाची आरशातील प्रतिमा, रांगेतील क्रम, सांकेतिक भाषा असे प्रश्न सोडवताना मुले खरोखर रमतात, हे मान्य केले पाहिजे. अडचण आहे ती बसवल्या जाणाऱ्या मुलांच्या निवडीत. निकालाची टक्केवारी चांगली दिसावी म्हणून कच्च्या मुलांचे अर्जच न भरणे हा प्रकार महाराष्ट्रात अपरिचित नाही. ज्या शाळा साऱ्या वर्गाला तयारीला बसवतात आणि अर्जाचे शुल्क जड जाणाऱ्या पालकांसाठी धर्मग्रामातील एखाद्या मंडळाची मदत मिळवतात, त्यांचा निकाल कागदावर कमी दिसला तरी त्यांचे काम मोठे आहे.

याशिवाय केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धा, तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन, हस्ताक्षर आणि पाठांतर, साने गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या कथाकथन स्पर्धा, आणि डिसेंबरच्या अखेरीस भरणारा वसईचा तालुका कला-क्रीडा महोत्सव असे वर्षभर काही ना काही असतेच. नाताळच्या आधी गोठा बांधण्याच्या स्पर्धा होतात. येशूचा जन्म झाला त्या बेथलेहेमच्या गोठ्याभोवती वसईची मुले नारळाच्या झावळ्या, भाताचा पेंढा आणि वाडीतली माती वापरून विहीर, रहाट आणि भाजीचे वाफे उभारतात, आणि दिवाळीत शेजारच्या मुलांनी किल्ला केलेला असतो, त्याचे उरलेले मावळे कधीकधी मेंढपाळांमध्ये उभे राहतात. परीक्षक गुण देतात ते गोठ्याच्या मांडणीला. चार घरची मुले आठवडाभर एकत्र राबली, या गोष्टीला गुणपत्रिकेत रकाना नसतो.

प्रगतिपत्रकातील तीन नोंदी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तिचे दोन भाग आहेत: वर्षभर निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प यांवरून केले जाणारे आकारिक मूल्यमापन, आणि सत्राच्या अखेरीस होणारे संकलित मूल्यमापन. गुणांऐवजी श्रेणी दिली जाते आणि श्रेणीखाली शिक्षकांना तीन वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक. पालक बहुधा श्रेणी पाहून पत्रक मिटतात. वास्तविक सबंध पत्रकात वाचण्यासारखे जे काही असते ते या तीन ओळींतच असते.

या नोंदींची दुर्दशा सर्वश्रुत आहे. पन्नास मुलांच्या वर्गात आठ विषयांच्या नोंदी लिहायच्या म्हटल्या की बाजारातील तयार नोंदींचे पुस्तक उघडले जाते आणि ‘कविता तालासुरात गातो’ हे वाक्य अर्ध्या वर्गाच्या वाट्याला येते. परंतु जेथे परिपाठ क्रमाने चालतो, तेथे शिक्षिकेकडे प्रत्येक मुलाविषयी लिहायला काहीतरी खरे असते. जूनमध्ये माइकपाशी रडलेल्या मुलाने नोव्हेंबरमध्ये स्वतः शोधलेली बातमी वाचली, एखाद्या मुलीने आजीकडून ऐकलेली बावखलाची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या वर्गातील मुले ती पुन्हा ऐकायला आली, गणितात मागे असलेल्या मुलाला पंगतीत वाढताना कोणाला किती लागेल याचा अचूक अंदाज येतो. ‘विशेष प्रगती’ या शब्दांचा अर्थ हाच असायला हवा. शासनाने २०२४ पासून सुरू केलेल्या ‘आनंददायी शनिवार’ या उपक्रमात प्राणायाम, खेळ, संवादकौशल्य यांना जागा दिली आहे, आणि शनिवारच्या अर्ध्या दिवसात कवायत आटोपल्यावर अशा निरीक्षणासाठी शिक्षिकांना थोडी सवड मिळते.

नंदाखालला जन्मलेले आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या सर्वोच्च पीठावर कसा, असे आश्चर्य काहींना वाटले. वसईच्या लोकांना ते वाटण्याचे कारण नव्हते. ज्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दररोज मैदानावर आणि रविवारी चर्चमध्ये मराठी मोठ्याने वाचायला लावले गेले, तेथून लेखक, वक्ते, नाटकवाले आणि शिक्षक निघणे हे त्या मशागतीचे पीक आहे.

पट

ही मशागत आज धोक्यात आली आहे आणि त्याचे कारण धर्म नाही, माध्यम आहे. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली, पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, आणि या साऱ्या काळात शेती मागे पडून नोकरी हाच घरांचा आधार झाला. नोकरीसाठी इंग्रजी हवे हा पालकांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. परिणामी एकाच आवारातील इंग्रजी वर्गांना जागा पुरत नाही आणि मराठी वर्गांचे बाक रिकामे राहतात. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या मानकाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि नव्वदपर्यंत तीन मिळतात. पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. पट घसरला की एखादी शिक्षिका अतिरिक्त ठरते, तिचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते, मागे राहिलेले दोघे पाच वर्ग सांभाळतात, ते पाहून आणखी काही पालक मुले काढून घेतात. मे महिन्याच्या उन्हात शिक्षिका प्रवेशासाठी घरोघर फिरतात ते या चक्राला थोपवण्यासाठी. यात कायद्याच्या अनिश्चिततेचीही भर पडली आहे. अल्पसंख्याक संस्थांना २००९ चा कायदा लागू नाही असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला होता. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाच्याच एका पीठाने त्याविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्याची शिफारस केल्याने शिक्षकपात्रतेसह अनेक बाबी अनिश्चित झाल्या आहेत.

काही संस्थांनी सेमी इंग्रजीचा मार्ग धरला आहे, ज्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व उरलेले विषय मराठीतून शिकवले जातात. पट टिकवण्यासाठी तो काही अंशी उपयोगी पडतो. इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत गेलेल्या कुपारी आणि वाडवळ मुलांचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही: त्यांच्या घरी कादोडी किंवा वाडवळी, शाळेत इंग्रजी आणि चर्चमध्ये मराठी अशी स्थिती असते, आणि वाचनपीठावर जाण्याची वेळ आली की प्रमाण मराठीतील उतारा त्यांच्यापैकी अनेकांना रोमन लिपीत लिहून द्यावा लागतो.

यावर एक उपाय असा आहे की ज्याला अनुदान लागत नाही आणि संचमान्यताही लागत नाही. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी हा विषय सक्तीचा केला आहे, म्हणजे इंग्रजी वर्गांतही मराठीची शिक्षिका असतेच. त्या शिक्षिकेच्या हाती आठवड्यातून दोन दिवसांचा परिपाठ सोपवावा, मराठी आणि इंग्रजी माध्यमाची मुले त्या दिवशी एकाच मैदानावर उभी करावीत, दिनविशेष एका माध्यमाच्या मुलाने आणि बातम्या दुसऱ्याच्या मुलाने सांगाव्यात, गोष्ट घरच्या बोलीत सांगण्याचीही मुभा असावी, आणि नावे पुकारताना दोन्ही वर्गांचे हजेरीपट पहिल्या क्रमांकापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत, एकही नाव न गाळता, चालवावेत. मराठी वर्गात बाराच मुले उरली असतील तर त्यांचा क्रम लवकर येईल एवढेच. इंग्रजी वर्गातील साठ मुलांना थोडे थांबावे लागेल, पण वर्ष संपण्यापूर्वी त्यांचाही क्रम येईल.